पाटे वाढवले आणि ब्रेक कमी झाला: जनरेटर ओढणारी पिकअप, अकरा महिन्यांनंतर

आमचा मंडप-लायटिंगचा धंदा, मुक्काम चाळीसगाव. अडीच लिटरची डिझेल पिकअप घरचीच. गेल्या जूनमध्ये तिच्या मागे हुक बसवून तीस केव्हीएची जनरेटर ट्रॉली जोडली. काट्यावर नुसती ट्रॉली १,४८० किलो भरली. वर हौद्यात केबल, ट्रस (लाइटं टांगायचा लोखंडी सांगाडा) आणि पोरं.

गाडी मागून बसायची. हेडलाइट आभाळात, समोरचे शिव्या घालायचे. म्हणून पहिला खर्च पाट्यांवर, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांवर: दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा, जुन्यांना कमान मारली. सोबत जास्त वजन पेलणारे १२ प्लायचे टायर. गाडी कशी ताठ उभी राहिली! (पाटे वाढवले म्हणून पासिंगचं वजन, म्हणजे आरटीओने कागदावर मंजूर केलेलं, वाढत नाही, हे आमच्या ड्रायव्हरला अजून पटलेलं नाही.)

मग कन्नडचं लग्न. औट्रम घाट चढताना तक्रार नाही. रात्री दोनला उतरताना मात्र तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर पेडल मऊ पडायला लागलं, पुढच्या चाकांतून करपल्याचा वास. दुसरा गिअर टाकून कडेला घेतली, चाकांना दगड लावले आणि तासभर थंड होऊ दिली. पोरं मागे झोपलेली, त्यांना पत्ताही नव्हता.

ज्या गॅरेजने पाटे बसवले त्यांनी पॅड बदलून दिले, आणि पुन्हा तेच. शेवटी अमळनेरच्या ओळखीच्या जुन्या मिस्तरींकडे गेलो. ते हसले, म्हणाले, "भाऊ, चढी तर जाशी. उतारनं काय?" आणि थेट गाडीखाली शिरले. मागच्या धुरीपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हला बारीक रॉड जातो, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. माल भरला की बॉडी खाली दबते, रॉड सरकतो आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं. आमचे पाटे कडक झाले, बॉडी दबेनाच. व्हॉल्व्हला वाटायचं गाडी रिकामी आहे! मागचे ड्रम जेमतेम धरायचे, सगळा भार पुढच्या डिस्कवर. रॉडची सेटिंग नव्या उंचीप्रमाणे केली, मागचे लायनर बदलले, ब्रेक ऑइल डॉट ४ भरलं. जुनं ऑइल चहासारखं निघालं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, मग घाटात तापलं की उकळतं आणि वाफ दाबली जाते, पॅड नाही. ट्रॉलीलाही ओव्हररन ब्रेक बसवला. गाडी थांबली की मागून ट्रॉली ढकलते, त्या धक्क्यानेच तिचे ब्रेक लागतात. सगळ्यांत महाग काम हेच, आणि मी आधी टाळलेलंही हेच.

दुसरा त्रास पारोळ्याच्या पुढे. साठच्या वेगाला ट्रॉली शेपटी हलवायला लागली. ब्रेक न मारता नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडला, म्हणून वाचलो. जनरेटर उघडायला सोपा पडावा म्हणून ट्रॉलीच्या धुरीच्या मागे बसवला होता, त्यामुळे हुकावर वजनच नव्हतं. आठ इंच पुढे सरकवला. ट्रॉलीच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग हुकावर यायला हवा. आमचा आता १७० किलो येतो. त्यानंतर डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन आलो, एकदाही हलली नाही.

इंजिनाला हात लावला नाही. रीमॅपवाले (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणारे) दोघे येऊन गेले. मे महिन्यात जळगावात पारा ४५ ला टेकतो, तिथे आधीच इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढतो. जादा डिझेल जाळून तो कुठे नेणार? रेडिएटर आतून साफ करून घेतला, कूलंट आणि फॅनचा क्लच बदलला, पुरलं. अ‍ॅव्हरेज रिकाम्या गाडीला तेरा, ट्रॉलीसकट नऊ.

क्लच प्लेट मात्र आता वास द्यायला लागली आहे. लग्नांची तिथ संपली की उतरवायची, तोवर चढावर कुणी अर्धा क्लच धरला तर डिझेलचे पैसे त्याच्याच पगारातून, असं ड्रायव्हरला सांगून ठेवलंय.