व्हाउचर खरं, बुकिंग खरं, फक्त पैसे कुणी भरलेच नव्हते

लिहीन लिहीन म्हणत वर्ष काढलं. बायको म्हणते कशाला स्वतःचं हसं करून घेतोस. पण मागच्या आठवड्यात एक फोन आला (तो शेवटी सांगतो) आणि म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

मे २०२५, पोरांची सुट्टी. आम्ही, मेहुणी आणि साडूभाऊ, मोठे चार आणि पोरं दोन. म्युनिकला गाडी घ्यायची, ऑस्ट्रियात ग्रोसग्लॉकनरचा घाट, मग इटलीत डोलोमाइट्स, तिथून स्वित्झर्लंड आणि परत म्युनिक, १२ रात्री. ग्रुप टूरमध्ये सकाळी सातला बसमध्ये बसा आणि पोहे मिळाले की टाळ्या वाजवा हे आम्हाला नको होतं. त्यात साडूच्या ऑफिसच्या ग्रुपवर एकाने नंबर दिला, डोंबिवलीचा माणूस, फक्त सेल्फ ड्राइव्ह युरोप करून देतो. नाव लिहीत नाही, केस चालू आहे.

माणूस बोलायला गोड. "दादा तुम्ही फक्त स्टिअरिंग धरा, बाकी माझ्यावर सोडा." दिवसाला दिवस लावून प्लॅन पाठवला, कुठे कॉफी प्यायची, कुठल्या वळणावर फोटो काढायचा, सगळं. डोंगराच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या हसऱ्या मराठी कुटुंबांचे दहाबारा फोटो पाठवले. विमानाचं तिकीट सोडून ६ लाख ४० हजार, त्यात गाडी, हॉटेलं, विग्नेट (हायवे वापरायचा टोल, आधीच भरून टाकायचा), व्हिसाची फाइल.

आता माझी चूक. तो म्हणाला पॅकेज म्हणून बिल केलं तर पाच टक्के टीसीएस (टूरच्या बिलावर आधीच कापला जाणारा टॅक्स) लागेल, म्हणजे ३२ हजार वर, शिवाय जीएसटी, त्यापेक्षा तुम्ही माझ्या सेव्हिंग खात्यात टाका, मी सुटं सुटं बुक करतो. मला वाटलं वा, ३२ हजार वाचले. अरे टीसीएस म्हणजे काय, आपलाच पैसा, रिटर्न भरताना टॅक्समधून वळता होतो नाहीतर परत मिळतो, मी दरवर्षी रिटर्न भरणारा माणूस आणि हे मला त्या क्षणी सुचलं नाही. बिल नाही, पावती नाही, आधी टोकन ४० हजार, मग "नॉन रिफंडेबल रेट मिळतोय" म्हणून साडेतीन लाख, आणि व्हिसा आल्यावर उरलेले अडीच.

मी अगदीच डोळे मिटून पैसे दिले असंही नाही. व्हाउचर आले तेव्हा त्यातल्या दोन हॉटेलांना, एक ऑस्ट्रियात झेल आम झेचं आणि एक स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनचं, मी स्वतः मेल केला की आमच्या नावाचं बुकिंग आहे का. दोघांचं उत्तर एका दिवसात आलं, हो आहे, स्वागत आहे. इंटरलाकेनवाल्याच्या मेलमध्ये खाली एक ओळ होती की पैसे तुम्ही पोचल्यावर हॉटेलात भरायचे. ती मी वाचली, एजंटला विचारलंही. म्हणाला, "दादा आमचा एजंट रेट असतो, हॉटेलला तो दिसत नाही, आम्ही महिनाअखेरीस सेटल करतो." पटलं. कुणालाही पटलं असतं असं मी साडूला सांगतो, साडू काही बोलत नाही.

सगळ्यात जास्त रात्री स्वित्झर्लंडमध्ये म्हणून व्हिसा स्विसचा, तो २८ मार्चला आला. त्याच दिवशी शेवटचे अडीच लाख गेले.

दोन गोष्टी तेव्हाच खटकायला हव्या होत्या. एक, त्याच्या प्लॅनमध्ये २२ मेला इटलीतला स्टेल्व्हिओ पास (म्हणजे घाट) आणि दोन दिवसांनी स्वित्झर्लंडमधला फुर्का पास होता. स्टेल्व्हिओ २७५७ मीटर उंच आहे, साधारण मे संपता संपता नाहीतर जूनमध्ये उघडतो, फुर्काचंही तेच, जूनच्या आधी फारसा भरवसा नाही. मेच्या सुरुवातीला खुला होतो तो ग्रोसग्लॉकनर. साडूने कुठेतरी वाचून विचारलं तर म्हणाला यावर्षी बर्फ कमी आहे, होऊन जाईल. दुसरी गोष्ट विग्नेट. त्याने चारही देशांचे विग्नेट म्हणून साडेनऊ हजार लावले होते आणि एक रंगीत पीडीएफ पाठवली होती, वर चार झेंडे.

म्युनिक एअरपोर्टवर उतरलो तेव्हा "हॅपी जर्नी दादा, मजा करा" असा त्याचा मेसेज आलेला होता. गाडीच्या काउंटरवरच्या मुलीला व्हाउचर दिलं, तिने टाइप केलं, लायसन्स आणि आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल परमिट बघितलं, सगळं छान, आणि मग म्हणाली क्रेडिट कार्ड. मला वाटलं डिपॉझिटसाठी. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. एकोणीसशेच्या वर युरो भाडं, पे ऑन अरायव्हल, आणि डिपॉझिट वेगळं. मी म्हटलं हे भरलेलं आहे. ती म्हणाली बुकिंग आहे सर, पैसे नाहीत. मी माझ्या मोबाइलवरचं व्हाउचर दाखवलं, तिने तेच व्हाउचर तिच्याकडून प्रिंट काढून शेजारी ठेवलं. तिच्या प्रतीत खाली चार ओळी जास्त होत्या. माझी पीडीएफ बरोबर त्या चार ओळींच्या वर कापलेली.

त्याला फोन लावला, स्विच्ड ऑफ. मेसेजवर एकच टिक. पोरं ट्रॉलीवर बसून वेफर्स खात होती.

कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं, डेबिट चालेना, साडूचं चालेना. माझ्या कार्डवर भाडं आणि डिपॉझिटचा ब्लॉक बसला आणि लिमिटमध्ये जेमतेम काही हजार उरले. किल्ली देताना तिने विचारलं ऑस्ट्रियाचा विग्नेट हवाय का. मी म्हटलं तो घेतलाय, पीडीएफ दाखवली. ती म्हणाली, कुठल्या नंबरवर? मी किल्लीकडे बघितलं. किल्लीच्या टॅगवर गाडीचा नंबर लिहिला होता आणि तो मला आत्ता, त्या मिनिटाला पहिल्यांदा कळत होता. डिजिटल विग्नेट गाडीच्या नंबर प्लेटवर निघतो, भाड्याच्या गाडीचा नंबर किल्ली हातात येईपर्यंत कुणालाच माहीत नसतो, मग मार्चमध्ये डोंबिवलीत बसून त्याने तो काढला कसा? वर जर्मनीत कारला विग्नेटच लागत नाही आणि इटलीत नाक्यावर टोल भरायचा असतो. उरले दोन देश. ऑस्ट्रियाचा दहा दिवसांचा तेव्हा १२ युरो ४० सेंट होता, स्विसचा वर्षाचा ४० फ्रँक, दोन्ही त्यांच्या सरकारी साइटवर पाच मिनिटांत निघाले, तिथेच बेंचवर बसून. (ऑस्ट्रियातून इटलीत जाणाऱ्या ब्रेनरच्या हायवेचा टोल या विग्नेटमध्ये येत नाही, तो वेगळा भरावा लागतो, हेही त्याच्या प्लॅनमध्ये नव्हतं.)

मग हॉटेलांना फोन. झेल आम झेच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, तुमचं बुकिंग २ एप्रिलला कॅन्सल झालं, तुमच्याकडूनच. व्हिसा आला, अडीच लाख मिळाले, आणि पाचव्या दिवशी त्याने बसून एकेक हॉटेल रद्द केलं. फ्री कॅन्सलेशनची बुकिंग, त्याच्याच मेल आयडीवर, त्यामुळे रद्द झाल्याचा मेलही त्यालाच. मी हॉटेलला विचारलं तेव्हा ते खरंच "आहे" म्हणत होते कारण तेव्हा ते होतं! मी एकच प्रश्न विचारायला हवा होता, पैसे मिळाले का, आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा विचारायला हवं होतं.

परत फिरायचं का यावर एअरपोर्टवरच भांडण झालं, त्यात शिरत नाही. साडूच्या कार्डवर रात्रीगणिक स्वस्तातलं बघत गेलो, इंटरलाकेनच्या चार रात्रींच्या दोन केल्या, स्वित्झर्लंडमध्ये कूप सुपरमार्केटमधला ब्रेड आणि घरून नेलेले मेतकूट, थेपले. ग्रोसग्लॉकनर मात्र केला. ४८ किलोमीटर, ३६ मोठी वळणं, वर दोन्ही बाजूंना गाडीपेक्षा उंच बर्फाच्या भिंती, लेफ्ट हँड ड्राइव्हची सवय नाही म्हणून मी घामाघूम आणि मागे मेहुणी रामरक्षा म्हणतेय. वर पोचल्यावर सहाही जणांचा एक फोटो काढला, मी लाल जॅकेटमध्ये, बायकोने तो स्टेटसला ठेवला. कुणाला कळू द्यायचं नव्हतं ना काय झालंय ते. स्टेल्व्हिओच्या पायथ्याला बंदचा बोर्ड होता, रेशेनच्या घाटावरून गेलो. तिथे तळ्यातून नुसता चर्चचा मनोरा वर आलेला दिसतो, धरणात गाव बुडालं त्याचा. पोरगा म्हणाला बाबा आपल्यासारखंच.

परत आल्यावर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. पण १९३० चा खरा उपयोग पैसे गेल्या गेल्या, तासाभरात फोन केला तर, खात्यात रक्कम असली तर गोठवता येते. इथे दोन महिने उलटलेले, खातं रिकामं. चौकीत आधी "हा सिव्हिल मॅटर आहे" असं ऐकवलं. मग वकिलाने कापलेलं व्हाउचर, काउंटरवरची पूर्ण प्रत आणि कॅन्सलेशनची तारीख असलेले हॉटेलचे मेल एकत्र लावून दिले, तेव्हा कुठे भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. ती काउंटरवरची प्रिंट मी रागाने कचऱ्यात टाकणार होतो, बायकोने काढून पर्समध्ये ठेवली. पैसे अजून एक रुपया आलेला नाही.

आणि आता तो फोन. नाशिकचे एक गृहस्थ, मेहुणीच्या मैत्रिणीचे दीर. त्यांना या मे महिन्यात म्युनिक ते इंटरलाकेन करायचंय, एजंटने खुश झालेल्या ग्राहकांचे फोटो पाठवले, त्यातल्या एकात त्यांच्या बायकोने माझ्या मेहुणीला ओळखलं. नंबर वेगळा, नाव वेगळं, पण "दादा तुम्ही फक्त स्टिअरिंग धरा" तेच. टोकन त्यांनी दिलं होतं, ते गेलं, पुढचे वाचले. तर तुम्हाला कुणी असे फोटो पाठवले आणि त्यात बर्फाच्या भिंतीसमोर लाल जॅकेटमधला एक जाडसर माणूस दात काढून हसत असेल, तर तो मी आहे, आणि त्या फोटोतल्या कुणाच्याही हॉटेलचे पैसे भरलेले नव्हते.