गूल्डचं गोल्डबर्ग: १९५५चं ऐकावं की १९८१चं?

जर्मन संगीतकार बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ही रचना ऐकायचं ठरवलं की कुणीतरी कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्डचं नाव सांगतंच. शोधायला जावं तर त्याची दोन ध्वनिमुद्रणं समोर येतात आणि माणूस अडतो. पहिलं जून १९५५चं. तेव्हा टोरांटोचा हा पोरगा २२ वर्षांचा होता. दुसरं एप्रिल-मे १९८१चं. स्टुडिओ मात्र तोच, न्यूयॉर्कचा थर्टीएथ स्ट्रीट. मधल्या काळात, १९६४ साली, वयाच्या ३१व्या वर्षी त्यानं जाहीर मैफली कायमच्या सोडल्या होत्या. दुसरं ध्वनिमुद्रण बाजारात आलं सप्टेंबर १९८२मध्ये आणि ४ ऑक्टोबरला गूल्ड गेला. नुकती पन्नाशी पूर्ण झाली होती.

आधी रचनेबद्दल थोडं. सुरुवातीला एक आरिया, म्हणजे गाण्यासारखी धून, मग ३० व्हेरिएशन्स, म्हणजे तिची बदललेली रूपं, शेवटी पुन्हा तीच आरिया. आपल्याकडच्या श्रोत्याची इथे हमखास फसगत होते. तो आरियाची वरची सुरावट पुढे शोधत बसतो आणि ती सापडतच नाही. बाखनं धरून ठेवला आहे तो खालचा, खर्जातला ३२ मापांचा (बारचा, म्हणजे तालाच्या समान तुकड्यांचा) धागा. तबल्याच्या सोलोत लेहरा फिरत राहतो आणि वर कायदे, रेले होत राहतात, तसं काहीसं. डाव्या हाताकडे कान ठेवला की वाट सापडते.

१९५५चं ध्वनिमुद्रण साडेअडतीस मिनिटांत आटपतं. प्रत्येक भाग दोनदा वाजवावा अशी खूण मूळ रचनेत आहे, पण गूल्डनं अशी एकही पुनरावृत्ती घेतलेली नाही आणि वेग बेदरकार आहे. तरी एकेक सूर टिपून घ्यावा इतका सुटा. तरुण हातांची मस्ती आहे, 'बघा, हेही जमतं' असा थोडा आवही आहे. मला तो आवडतो. लोकलच्या प्रवासात संपूर्ण ऐकून होतं, ही सोय वेगळीच. ध्वनी मात्र मोनो, म्हणजे स्टीरिओ नव्हे.

१९८१चं ५१ मिनिटांचं आहे. यावरून 'पहिलं द्रुत, दुसरं विलंबित' असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. आरियापुरतं बरोबर आहे: पहिल्यात दोन मिनिटांच्याही आत संपते, दुसऱ्यात तीन मिनिटांवर जाते. पण वाढलेल्या वेळाचा काही भाग पुनरावृत्तींचा आहे, कारण या वेळी त्यानं काही ठिकाणी त्या घेतल्यात. पाचवं व्हेरिएशन ऐका. दोन्हीकडे तुफान, चाळीस सेकंदांच्या आत खलास!

खरा फरक लयीच्या हिशोबाचा आहे. १९५५मध्ये प्रत्येक व्हेरिएशनची लय स्वतंत्र, जणू तीस वेगळ्या चिजा. १९८१मध्ये गूल्डनं सगळ्याला एका मात्रेत ओवायचं ठरवलं. एक व्हेरिएशन संपून दुसरं सुरू होतं तेव्हा चाल बदलते, पण खालची मात्रा बऱ्याचदा कायम राहते किंवा तिची दुगुन, निमपट होते. मांडीवर हात ठेवून मोजत ऐका. ख्याल ऐकणाऱ्या कानाला ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागत नाही.

आता २५वं व्हेरिएशन, सगळ्यात संथ आणि सगळ्यात दुःखी. गंमत म्हणजे हे १९५५मध्ये जास्त लांब आहे. बाकी सगळीकडे धावणारा पोरगा इथे थांबून भिजतो. पुढे गूल्डला स्वतःचंच ते वाजवणं खटकायला लागलं, शोपॅंच्या नॉक्टर्नसारखं, म्हणजे रात्रीच्या भावुक पियानो-रचनेसारखं वाटतं म्हणाला. १९८१मध्ये त्यानं ते आवरून, अलिप्तपणे वाजवलं. मला विचाराल तर इथे म्हाताऱ्याचं चुकलं, पोराचं बरोबर होतं.

गुणगुणण्याचं काय? वाजवताना गूल्ड तोंडानं सुरात सूर मिसळत राहतो. दोन्हीकडे ते आहे, १९८१च्या स्वच्छ डिजिटल मुद्रणात जास्त कानावर येतं. आपल्याला त्याचं फार वाटू नये. पण ज्यांना पियानोखेरीज काहीच नको, किंवा सगळ्या पुनरावृत्ती हव्यात, त्यांनी सरळ पियानोवादक आंद्राश शिफकडे जावं. तासाभराहून जास्त वेळ काढून ठेवा.

१९८१चं चित्रीकरणही आहे, चित्रपट-दिग्दर्शक ब्रुनो माँसेंजाँनं केलेलं. त्यात वडिलांनी पाय कापून दिलेली ती बुटकी घडीची खुर्ची दिसते. गूल्ड ती सगळीकडे बरोबर नेई. इतक्या वर्षांत बसायची गादी पार गेलीय, नुसता सांगाडा उरलाय आणि त्यावर बसून, नाक जवळजवळ पट्ट्यांना टेकवून तो वाजवतोय.

दोन्ही ध्वनिमुद्रणं 'अ स्टेट ऑफ वंडर' या २००२च्या संचात एकत्र मिळतात, त्यामुळे विकत घेणाऱ्याचा प्रश्न मिटला. राहतो क्रम. ख्याल ऐकत वाढलेल्यांनी १९८१पासून सुरुवात करावी, दिवा मालवून, एका बैठकीत. ज्यांना संथ संगीतात झोप येते त्यांनी १९५५ आधी लावावं, लाज वाटून घेऊ नये. आणि १९८१ ऐकताना २४वं संपलं की थांबवा, २५वं तेवढं १९५५मधून ऐका, मग परत या.