उशाशी फोन, हातात पुस्तक की कानात आवाज: झोपेआधीच्या चार पर्यायांची तुलना

रात्री अंथरुणावर पडल्यावर फोनचे काय करायचे, याचा विचार करणाऱ्या प्रौढ माणसासमोर साधारण चार पर्याय असतात: स्क्रीन पिवळसर करून फोन हातातच ठेवणे, फोन पालथा ठेवून फक्त ऐकणे, फोनऐवजी पुस्तक किंवा ई-रीडर घेणे आणि फोन खोलीबाहेर ठेवून झोपणे. पहिल्या पर्यायासाठी एक बटण दाबण्यापलीकडे काहीच करावे लागत नाही, त्यामुळे बहुतेकांची पहिली पसंती त्यालाच मिळते. माझ्या मते चौघांमध्ये सर्वांत कमी उपयोगाचा पर्यायही तोच आहे. तो असा का, हे कळण्यासाठी फोन झोपेच्या आड नेमका कसा येतो ते आधी पाहावे लागते.

प्रकाशाचा मुद्दा सर्वांच्या परिचयाचा आहे. दृष्टिपटलात, आपण ज्यांनी पाहतो त्या पेशींखेरीज, मेलानोप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही चेतापेशी थेट प्रकाशाला प्रतिसाद देतात, हे 2002 साली स्पष्ट झाले. सुमारे 480 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश त्यांना सर्वाधिक जाणवतो, आणि त्यांचा निरोप मिळाला की मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील जैविक घड्याळ अजून दिवसच आहे असे धरून मेलाटोनिनचे, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचे कळवणाऱ्या संप्रेरकाचे, स्रवण लांबवते. बोस्टनमध्ये झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 12 निरोगी तरुणांनी पाच रात्री टॅबलेटवर आणि पाच रात्री छापील पुस्तक वाचले. टॅबलेटच्या रात्रींत त्यांचे मेलाटोनिन निम्म्याहून अधिक दबले आणि डोळा लागायला सरासरी सुमारे 10 मिनिटे जास्त लागली. निळ्या प्रकाशाविषयीच्या इशाऱ्यांत या प्रयोगाचा दाखला वारंवार येतो, पण त्यातले वाचन रोज चार तासांचे होते, खोली मंद उजेडाची होती आणि टॅबलेटची ब्राइटनेस पूर्ण वाढवलेली होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. पुढच्याच वर्षी स्वीडनमधील उप्साला येथे 14 जणांना दिवसा साडेसहा तास भरपूर उजेडात ठेवून रात्री दोन तास टॅबलेटवर वाचायला लावले, तेव्हा पुस्तक वाचलेल्या रात्रीच्या तुलनेत मेलाटोनिनमध्ये फरक आढळला नाही. म्हणजे रात्रीच्या प्रकाशाचा परिणाम दिवसाच्या प्रकाशावरही अवलंबून असतो, आणि दिवसभर अंधुक खोलीत बसणाऱ्याने रात्रीच्या स्क्रीनचा रंग बदलण्याआधी दुपारी बाहेर फिरून येणे अधिक शहाणपणाचे.

नाइट मोडची, म्हणजे स्क्रीन पिवळसर करणाऱ्या सोयीची, थेट परीक्षाही झालेली आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 18 ते 24 वयोगटातील 167 जणांचे तीन गट केले होते: पिवळसर स्क्रीनचा फोन वापरणारे, नेहमीच्या स्क्रीनचा वापरणारे आणि झोपेआधी फोन न वापरणारे. एकंदरीत तिन्ही गटांच्या झोपेत लक्षणीय फरक दिसला नाही. ज्यांना सरासरी 6.8 तासांहून अधिक झोप मिळत होती, त्यांच्यात फोन न वापरणाऱ्यांची झोप थोडी चांगली ठरली, पण पिवळ्या स्क्रीनला तिथेही नेहमीच्या स्क्रीनवर मात करता आली नाही. स्क्रीन पिवळी करण्यापेक्षा तिची ब्राइटनेस कमी करणे आणि खोलीतला दिवा मंद करणे यांचा उपयोग अधिक आहे, कारण झोपेआधीच्या तीन तासांत डोळ्यांवर किती उजेड पडावा याची जी मर्यादा तज्ज्ञांनी 2022 साली सुचवली, ती घरातले साधे पांढरे दिवेही सहज ओलांडतात. डोक्यावरचा पांढरा दिवा तसाच ठेवून फोनला चष्मा घालण्याचा हा प्रकार आहे.

फोन झोपेचा जो वेळ खातो, त्यावर तर नाइट मोड काहीच करू शकत नाही. अकरा वाजून दहा मिनिटांनी गजर लावण्यासाठी फोन हातात घेतला जातो. गजर लागतो, पण परतीच्या वाटेवर एका संदेशाचा लाल ठिपका दिसतो. त्याला उत्तर जाते, उत्तराला उत्तर येईपर्यंत अंगठा एक-दोन रील वर सरकवतो, आणि हात भरून आल्याने कुशीवर वळताना सहज वर पाहिले तर बारा वीस झालेले असतात. या 70 मिनिटांत स्क्रीन पिवळी होती की निळी, याला फारसे महत्त्व नाही. नॉर्वेमधील 18 ते 28 वयाच्या 45,202 विद्यार्थ्यांच्या पाहणीत अंथरुणावरील स्क्रीनच्या प्रत्येक वाढीव तासामागे झोप सुमारे 24 मिनिटांनी कमी आढळली आणि निद्रानाशाच्या लक्षणांची शक्यता 59 टक्क्यांनी अधिक दिसली, आणि स्क्रीनवर काय पाहिले यामुळे त्यात फारसा फरक पडला नाही. अर्थात ही एकाच वेळची पाहणी असल्याने कारण कोणते आणि परिणाम कोणता हे तिच्यावरून ठरत नाही, कारण झोप येत नाही म्हणून फोन उचलणारेही त्यात आहेतच.

गेलेल्या झोपेचा हिशेब मेंदू ठेवतो, पण आपल्याला तो सांगत नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांचे लक्ष आणि कार्यकारी स्मृती, म्हणजे माहिती तात्पुरती डोक्यात धरून वापरण्याची क्षमता, इतकी घसरली की ती दोन रात्रींपर्यंतच्या पूर्ण जागरणाशी तुलना करण्याजोगी होती, आणि तरीही आपण किती मंदावलो आहोत याची त्यांना स्वतःला फारशी जाणीव नव्हती. ‘मला कमी झोपेची सवय आहे’ ही साक्ष म्हणूनच मी ग्राह्य धरत नाही.

ऐकण्याचा पर्याय प्रकाश आणि अंगठा या दोघांनाही बाजूला करतो. अंधारात पडल्यावर दिवसभराच्या विचारांचे दळण ज्यांच्या डोक्यात सुरू होते, त्यांनी एकदम शांततेकडे जाण्यापेक्षा इथून सुरुवात करावी. मात्र पुढे काय होते याची उत्सुकता लावणारी मालिका निवडली तर जागरण ठरलेलेच. आधी ऐकलेले, संथ आवाजातले काहीतरी असावे आणि ते आपोआप बंद होण्याची वेळ आधीच लावून ठेवावी. या पर्यायातली उणीव एवढीच की फोन अजून हाताच्या अंतरावर असतो.

पुस्तकाला प्रकरणाचा शेवट असतो आणि झोप आली की ते हातातून गळून पडते, हे दोन्ही गुण रीलमध्ये नाहीत. ई-रीडरबाबत एक गैरसमज दूर करायला हवा: बोस्टनच्या प्रयोगातले उपकरण स्वतः प्रकाश फेकणाऱ्या पडद्याचे होते. ई-इंकचा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडात वाचला जातो, आणि त्यातला स्वतःचा दिवा मंद ठेवता येतो. फोनवरच पुस्तक वाचणे मात्र मी या पर्यायात धरणार नाही, कारण तिथे पानावर नोटिफिकेशन येऊन बसते.

फोन खोलीबाहेर ठेवणे सर्वांत अवघड आणि सर्वांत परिणामकारक आहे, असे माझे मत आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात 38 जण होते. त्यांच्यातील ज्यांनी चार आठवडे झोपेच्या 30 मिनिटे आधी फोन बंद ठेवला, त्यांना झोप लवकर लागली, ती सुमारे 18 मिनिटांनी वाढली आणि त्यांची कार्यकारी स्मृतीही सुधारली. संख्या लहान असली तरी दिशा पटण्यासारखी आहे, कारण अंथरूण फक्त झोपेशी जोडलेले ठेवावे हे तत्त्व निद्रानाशाच्या उपचारांत 1972 पासून वापरले जाते. सुरुवातीच्या रात्री हात उशीखाली चाचपडतो, तेव्हा थोडे हसू येते. गजरासाठी साधे घड्याळ मात्र आधीच आणून ठेवावे, नाही तर गजराच्या निमित्ताने फोन पुन्हा आत येतो.

रात्री कधीही कामावर बोलावले जाऊ शकते किंवा ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांना फोन बाहेर ठेवायला सांगणे योग्य नाही. त्यांनी निवडक क्रमांकांचे कॉल तेवढे वाजतील अशी सोय करून फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, उठून जावे लागेल इतक्या अंतरावर ठेवावा. ज्यांना फोन दूर ठेवूनही आठवड्यातून तीन-चार रात्री झोप येत नाही आणि असे महिनोन्‌महिने चालले आहे, त्यांनी या चार पर्यायांत वेळ न घालवता डॉक्टरांना भेटावे. अशा निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी बोधात्मक वर्तन उपचार, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलण्याचा उपचार, सुचवला जातो.

उरलेल्यांनी एक पर्याय निवडून तो दोन आठवडे मोडू नये आणि दिवा कधी मालवला, सकाळी जाग कधी आली आणि दुपारी डुलकी आली का, एवढे तीनच मुद्दे रोज लिहून ठेवावेत. ही नोंद उशाशी ठेवलेल्या कागदावर करावी, कारण ती फोनमध्ये करायची ठरवली तर पुन्हा अकरा वाजून दहा मिनिटेच होतात.