म्हाताऱ्या पावसाचा हिशेब : शेतातल्या बिनविजेच्या खोलीत दहा महिने

खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, आमच्या वाट्याला आलेल्या दीड एकर शिवारात आम्ही गेल्या फेब्रुवारीत एक खोली बांधून घेतली. निवृत्तीनंतर आठवड्यातले चार दिवस तिथे राहायचे आणि तीन दिवस बेळगावच्या घरी, असा आम्हा नवरा-बायकोचा बेत होता. खोली सोळा बाय अठरा फुटांची आहे. तिला विजेची जोडणी नाही, नळ नाही आणि गावाचे गटारही तिथवर येत नाही. वीज पॅनेलवर, पाणी विहिरीचे आणि पावसाचे, असा सगळा कारभार आहे. सव्वातीन लाखांत काम उरकेल असा माझा अंदाज होता. आज डिसेंबरात वही उघडली तर बेरीज चार लाख बारा हजारांवर गेलेली आहे. वाढलेल्या रकमेपैकी सेहेचाळीस हजारांच्या वर खर्च एकदा केलेली कामे दुसऱ्यांदा करण्यात गेला. या भागात असेच काही उभारू पाहणाऱ्यांना माझ्या चुका तरी उपयोगी पडाव्यात म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहितो.

मूळ चूक एकच होती आणि बाकीच्या सगळ्या तिच्या पोटातून निघाल्या. मी सारा हिशेब फेब्रुवारीच्या उन्हात उभा राहून केला. आमच्याकडे पावसाची नक्षत्रे अजून तोंडपाठ असतात. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा तो म्हातारा, हे लहानपणापासून ऐकत आलो. तरीही खोलीचा आराखडा करताना मला म्हातारा पाऊस आठवला नाही. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, ती काही उगीच नाही. बेळगाव शहरात छत्रीने भागते. तिथून पश्चिमेला निघालो की दर दहा-पंधरा किलोमीटरला पाऊस वाढत जातो आणि जांबोटीच्या पुढे तर तो दिवसरात्र मुक्कामालाच येतो.

भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत. साडेसहाशेच्या आसपास चिरे लागले आणि गवंडीकामासह पाया-भिंतींचा खर्च एक लाख दहा हजार झाला. या निवडीबद्दल मला जराही पस्तावा नाही, कारण एप्रिलच्या दुपारीही आत पंखा मंद ठेवून झोप लागते. मात्र पैसे वाचवायचे म्हणून बाहेरून गिलावा केला नाही आणि पश्चिमेकडचा पत्रा भिंतीपासून दोनच फूट बाहेर काढला. शेजारच्या शेतातले आप्पा बांधकाम चालू असताना येऊन बघत उभे राहिले होते. ते म्हणाले, "सर, पाऊस सरळ कुठं पडतोय इथं, आडवा येतोय. हिकडं पडवी काढा." मी हसून वेळ मारून नेली. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. आर्द्रा संपेपर्यंत पश्चिमेची भिंत आतून ओली झाली, कपाटातल्या चादरींना बुरशीचा वास येऊ लागला आणि आषाढातच बुरुडाकडून बांबूच्या तट्ट्या आणून त्या बाजूला बांधाव्या लागल्या. गावातली जुनी घरे पावसाळ्यापूर्वी हेच करतात आणि मी त्यांच्यासमोरून रोज ये-जा करत होतो. पाऊस ओसरल्यावर पाच फुटांची पडवी काढून घेतली. तट्ट्यांसकट हा खर्च सोळा हजारांचा झाला.

छपराला कौले घालायची फार इच्छा होती. खानापूरची माती कौलांसाठी नावाजलेली, शिवाय कौलाखालची सावली पत्र्याखाली मिळत नाही. पण आमच्या शिवारात वानरांच्या टोळ्या येतात आणि दर वर्षी कौले चाळायला चढणे या वयात जमणारे नाही, म्हणून लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा करून त्यावर रंगीत पत्रा घातला. पावसाचा आवाज इतका होतो की रात्री एकमेकांशी बोलायचे तर ओरडावे लागते. आवाजाची सवय होते. त्रास झाला तो थंडीत, जेव्हा पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरून अंथरुणावर टपटप ठिबकू लागले. पत्र्याखाली चार बोटे जागा सोडून तट्ट्यांचे छत केल्यावर दोन्ही तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. जमिनीला साधा कोबा आहे आणि तो उत्तम आहे.

आता विजेबद्दल, कारण चौकशी करणारे सर्वांत आधी हेच विचारतात. हेस्कॉम या इथल्या वीज कंपनीची वाहिनी आमच्या शेतापासून जवळजवळ एक किलोमीटर दूर आहे आणि खांबांचा अंदाजे खर्च ऐकल्यावर आम्ही तो विचार सोडून दिला. २०२४ साली जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान मिळेल असे अनेकांना वाटते, मलाही वाटले होते. पण ते वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेल्या घरगुती छपरांसाठी आहे, बॅटरीवर चालणाऱ्या सुट्या संचाला मिळत नाही. त्यामुळे सगळे पदरचे. ३३५ वॉटची दोन पॅनेले, १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, पॅनेलची वीज बॅटरीत बेताने भरणारा चार्ज कंट्रोलर, बॅटरीच्या एकदिश (डीसी) विजेची घरगुती उपकरणांना लागणारी एसी वीज करणारा इन्व्हर्टर आणि बेळगावच्या उद्यमबागेतून करून आणलेला लोखंडी स्टँड हे धरून, आणि पुढे केलेल्या दुरुस्त्याही धरून, अठ्ठ्याऐंशी हजार रुपये लागले.

पहिली फसगत कंट्रोलरमध्ये झाली. दुकानदाराने दोन हजारांचा साधा, पीडब्ल्यूएम जातीचा कंट्रोलर दिला आणि मीही स्वस्त म्हणून घेतला. या मोठ्या पॅनेलचा कामाचा दाब ३८ व्होल्टच्या आसपास असतो. साधा कंट्रोलर त्याला ओढून बॅटरीच्या १३ व्होल्टवर आणून बसवतो, प्रवाह मात्र तेवढाच म्हणजे नऊएक अँपिअर राहतो. नऊ गुणिले तेरा म्हणजे जेमतेम ११७ वॉट. म्हणजे पैसे ३३५ वॉटचे मोजले आणि पदरात एक तृतीयांश पडले. मार्चमध्ये ऊन इतके सढळ होते की हे ध्यानातच आले नाही. बेळगावात विजेची कामे करणारा माझा एक जुना विद्यार्थी सहज म्हणून येऊन गेला, त्याने मीटर लावून दाखवले, तेव्हा सात हजारांचा एमपीपीटी कंट्रोलर घेतला. तो जास्तीच्या व्होल्टचे अँपिअरमध्ये रूपांतर करतो. त्यानंतर उन्हाळ्यात दिवसाला सव्वादोन-अडीच युनिट सहज मिळू लागली आणि मी निर्धास्त झालो.

मग म्हातारा पाऊस लागला. जुलैच्या अखेरीस सलग नऊ दिवस सूर्य दिसला नाही. कंट्रोलरच्या पडद्यावरचा आकडा मी रोज संध्याकाळी वहीत उतरवत असे. त्या नऊ ओळी ०.४ आणि ०.६ युनिटच्या मध्ये आहेत. आमचा वापर तरी किती, तर चार दिवे, थोडा वेळ पंखा, दोन मोबाइल आणि सकाळी चटणीपुरता मिक्सर. तरीही आठव्या रात्री इन्व्हर्टर ओरडू लागला. दिवे काढून टाकले, पंखा बंद केला, तरी सकाळी बॅटरी आणखी उतरलेली. शेवटी विद्यार्थ्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, एकही दिवा लावू नका आणि बॅटरीच्या वायरवर मीटर धरून बघा." मी बघितले. काहीही चालू नसताना सव्वा अँपिअरच्या जवळ प्रवाह वाहत होता. म्हणजे इन्व्हर्टर नुसता जागा राहण्यासाठी १४ वॉट घेत होता; चोवीस तासांचे झाले ०.३४ युनिट. आकाशातून येणाऱ्या अर्ध्या युनिटापैकी दोन तृतीयांश हा गडी एकटा खात होता आणि आम्ही दिवे विझवून काळोखात जेवत होतो.

उपाय सोपा निघाला. बॅटरीवरून थेट १२ व्होल्टची वेगळी लाइन काढली, सात वॉटचे चार डीसी दिवे आणि एक डीसी पंखा लावला, मोबाइलसाठी त्याच लाइनवर चार्जिंगची जागा केली आणि इन्व्हर्टर फक्त मिक्सरच्या वेळेला चालू करू लागलो. यावर साडेनऊ हजार गेले. आता पावसाळ्यात रोजचा खर्च पाव युनिटाच्या आत राहतो, म्हणजे सर्वांत वाईट दिवशीही आवक जावकेपेक्षा जास्त असते. या कामात दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. १२ व्होल्टला तार बारीक असली की दिव्यापर्यंत पोचेतो दाब गळतो, म्हणून आम्ही चार चौरस मिलिमीटरची तार वापरली. दुसरे, घरातला नेहमीचा एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा खटका, डीसीला लावू नये. डीसीची ठिणगी सहजासहजी तुटत नाही, त्यासाठी वेगळा ब्रेकर मिळतो.

बॅटरी निम्म्याखाली उतरू द्यायची नाही आणि उतरलेल्या अवस्थेत तर दिवसेंदिवस ठेवायची नाहीच, नाहीतर आतल्या पत्र्यांवर सल्फेटचा थर बसून तिची धारणशक्ती कायमची घटते. आम्ही भिंतीवर एक छोटा व्होल्टमीटर लावला आहे. भार नसताना १२.२ च्या खाली काटा गेला की मिक्सर बंद आणि पाटा-वरवंटा बाहेर. पाट्यावरच्या चटणीला चव जास्त, असे आमच्या घरचे मत आहे. वाटायला मात्र मला बसवले जाते.

स्टँडविषयीही सांगितले पाहिजे. सर्वसाधारणपणे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, गावाच्या अक्षांशाइतके तिरके बसवतात. आपल्याकडे ते पंधरा-सोळा अंश होते. पण मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, आणि ढगाळ दिवसांत उजेड सगळ्या आभाळातून येतो. त्यामुळे स्टँडला दोन भोके पाडून घेतली आहेत, थंडीत वीस अंश आणि पावसात दहा. त्याहून सपाट केले तर पाणी आणि पालापाचोळा साचतो. एका फणसाची सावली तीननंतर पॅनेलच्या कोपऱ्यावर येते आणि तेवढ्याने आकडा धाडकन पडतो. फणस तोडणार नाही, पुढच्या वर्षी स्टँडच हलवू.

वळवाच्या विजांसाठी अर्थिंगवर चार हजार खर्च केले. उन्हाळ्यात जांभी जमीन इतकी कोरडी होते की एका सळईने भागत नाही. आम्ही दोन सळया घालून त्या जोडल्या आणि एप्रिल-मेमध्ये त्या खड्ड्यांत आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो.

पाण्याचे गणित मात्र पहिल्या फटक्यात जमले. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचा पत्रा एकेचाळीस चौरस मीटर आहे, त्यामुळे तीस मिलिमीटरची एक सर आली की हजार लिटरची टाकी भरून वाहते. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी सोडून द्यायचे, पन्हाळीला जाळी लावायची आणि टाकीत उजेड जाऊ द्यायचा नाही. अडचण आहे ती विहिरीची, जी मार्चच्या शेवटी तळाला जाते. एप्रिल-मेमध्ये आम्ही आप्पांच्या बोअरवरून पाणी आणतो आणि ते पैसे घेत नाहीत म्हणून काजूच्या हंगामात त्यांच्याकडे दोन दिवस वेचणीला जातो.

शौचालयात पुन्हा तीच फेब्रुवारीची चूक. कमी पाणी लागणारे, खोल उताराचे ग्रामीण भांडे घेतले, सिमेंटच्या रिंगांचे दोन शोषखड्डे केले, ते विहिरीपासून साठ फुटांवर आणि उताराच्या बाजूला ठेवले. इथवर सगळे नियमाप्रमाणे. पण जुलैत जमिनीतले पाणीच वर येऊन रिंगांत उभे राहिले. खड्डा शोषेना, भांड्यातले पाणी उतरेना, आणि पंधरा दिवस आम्ही बेळगावला जाऊन राहिलो. आता भांड्याचा जोता अडीच फूट उचलला आहे, खड्डे उथळ करून रिंगा जमिनीच्या वर काढल्या आहेत आणि भोवती मातीचा भराव घातला आहे. चौदा हजार गेले. ज्यांच्या शेतात श्रावणात भाताच्या खाचराला पाणी तुडुंब असते त्यांनी खोल खड्ड्याच्या नादी लागूच नये.

स्वयंपाक सिलिंडरवर होतो, आंघोळीचे पाणी चुलीवर तापते. सरपण मेमध्येच पडवीत रचून ठेवावे लागते, एवढेच. गवे कुंपणापर्यंत येतात आणि निघून जातात. रानडुकरांनी रताळी मात्र शिल्लक ठेवली नाहीत.

राहिले ते वाळवीचे. दारांच्या चौकटी मी स्वस्तातल्या लाकडाच्या घेतल्या होत्या आणि पायाभरणीच्या वेळी वाळवीचे औषध टाकायला गवंड्याने सांगितले असता "नंतर बघू" म्हणालो होतो. ऑक्टोबरात मागच्या दाराची बिजागरी हातात आली. चौकटीवर बोटाने दाबले तर रंगाच्या पापुद्र्याखाली नुसती माती. सिमेंटची चौकट खानापुरात सांगून ठेवली आहे. आप्पांची मळणी आटोपली की त्यांचा टेम्पो मोकळा होईल आणि मग ती आणायची. तोवर मागचे दार सुंभाने बांधून ठेवले आहे.