मातीतले फवारणीच्या औषधाचे अंश बघायचं कार्ड: आठ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, कार्ड वाईट नाहीये. पण मी ज्या कामासाठी घेतलं त्या कामाचं ते नव्हतंच, आणि हे कळायला मला सहा महिने गेले.

पट्टीवर दोन गोल कागद असतात, एक पांढरा एक लाल. पांढऱ्यात एन्झाइम. माती पाण्यात हलवून वरचं निवळ पाणी पांढऱ्यावर टाकायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग पट्टी दुमडून लाल कागद त्यावर तीन मिनिटं दाबून धरायचा. निळं झालं म्हणजे एन्झाइम जिवंत, पांढरंच राहिलं म्हणजे औषधाने त्याला गप्प केलंय. डोक्याला हे उलटंच वाटतं, पहिल्या दिवशी निळं बघून माझ्या पोटात गोळाच आला होता.

दाबून धरताना ऊब लागते, साधारण ३७ अंश. गारठ्यात सकाळी केलं की रंग फिका येतो आणि तो औषधामुळे की थंडीमुळे ते काही कळत नाही, म्हणून मी चक्क काखेत धरून बसायचो, घरचे हसून हसून बेजार.

एकदा पाकीट गाडीच्या डिकीत राहिलं. नंतर बघतो तर सातही प्लॉट पांढरे, बांधावरची माती पण पांढरी, जिथे फवारणीचा पंप कधी गेलाच नाही! दोन दिवस झोप नाही, मग सुचलं म्हणून नुसतं पाणी टाकून बघितलं तर तेही पांढरं. एन्झाइमच मेलं होतं उन्हाने. तेव्हापासून दर वेळी एक कार्ड साध्या पाण्याचं शेजारी लावतोच.

आता खरी गोची. हे कार्ड फक्त ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट ह्या दोन गटांची कीटकनाशकं बघतं. इमिडाक्लोप्रिड, सायपरमेथ्रिन अशी दुसऱ्या गटांतली कीटकनाशकं, बुरशीनाशकं, तणनाशकं, काही म्हणजे काही दिसत नाही. क्लोरपायरिफॉस गटात बसतं तरी मूळ रूपात एन्झाइमला फारसं धरत नाही, त्याचं ऑक्सॉन, म्हणजे ऑक्सिजन लागून बदललेलं रूप, व्हावं लागतं. वर भारी मातीत औषध कणांना असं चिकटून बसतं की नुसत्या पाण्यात उतरतच नाही, कार्ड मुळात पाल्यासाठी केलेलं. विकणाऱ्याने मात्र ‘सगळं पकडतं’ म्हणून ठोकून दिलेलं.

शेवटी सगळ्यात छान निळ्या येणाऱ्या प्लॉटचा नमुना लॅबला दिला. नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणची वरची १५ सेंमी माती घमेल्यात एकत्र, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, परत तेच. मी सवयीने ती सावलीत वाळवायला पसरणार होतो, लॅबवाल्यांनी फोनवरच थांबवलं. एनपीकेला (नत्र-स्फुरद-पालाश तपासायला) वाळवलेली चालते, इथे काही औषधं उडून जातात. ओलीच काचेच्या बरणीत, गार करून पाठवायची, ओलावा ते वेगळा मोजून आकडा कोरड्या मातीवर देतात. काढायची पद्धत क्वेचर्स, २००३ साली फळं-भाज्यांसाठी आलेली, मातीला आधी पाणी पाजून मग अ‍ॅसिटोनायट्राइल हा द्रावक आणि क्षार घालून हलवतात. ग्लायफोसेट हे तणनाशक त्यात येत नाही, ते वेगळं सांगून करून घ्यावं लागतं, मी नाही सांगितलं, माझीच चूक.

रिपोर्टात इमिडाक्लोप्रिड किलोला ०.०४ मिलिग्रॅम, आणि किंचित डीडीई, म्हणजे डीडीटीचं उरलंसुरलं, जे मी आयुष्यात मारलेलं नाही. ०.०४ जास्त की कमी? हेक्टरभर १५ सेंमी माती धरा अंदाजे २,२५० टन, त्यात एक किलो सक्रिय घटक (म्हणजे निव्वळ औषध) सारखा मिसळला तर किलोला ०.४४ मिलिग्रॅम येतं. म्हणजे माझं त्याच्या अकराव्या भागाच्या आसपास. असा हिशोब घातल्यावर जरा जीव भांड्यात पडला. आणि ‘एनडी’ (नॉट डिटेक्टेड) लिहिलंय तिथे शून्य समजू नका, मशीनला दिसेल इतकं नाही एवढंच.

मग कार्ड फेकलं का, तर नाही. परवा सहज पंप भरायच्या-धुवायच्या जागेची माती घेतली, तिथे डबक्यासारखं झालंय. शेजारचं पाण्याचं कार्ड गडद निळं आणि हे चुन्यासारखं पांढरं, पाचपट पाणी घालून परत केलं तरी पांढरंच. अख्ख्या शेतात नाही ते त्या दोन पावलांच्या जागेत होतं, आणि तिथून विहिरीकडे उतार आहे. पंप धुवायची जागा हलवलीये, तिथली माती पुढच्या आठवड्यात लॅबला जातेय. ह्या वेळी ग्लायफोसेट पण सांगून.