तेरा महिने वापरून: पीसी एक नंबर, कॅबिनेटने मात्र डोकं उठवलं

हा रिव्ह्यू मी खरं तर सहा महिन्यांनी लिहायला घेतला होता आणि तेव्हा कॅबिनेटला पाचपैकी साडेचार देऊन बसलो होतो. ड्राफ्ट तसाच पडून राहिला ते बरं झालं. परवा रविवारी तेच कॅबिनेट फरशीवर आडवं टाकून उघडून बसलो होतो, गुडघ्याखाली स्क्रू टोचला आणि म्हटलं बास, आता लिहायचंच.

पार्ट्स तेच, कमी बजेटमध्ये स्वतः पीसी जोडणाऱ्यांना पाठ असलेले. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, सेकंडहँड आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॉटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि ते पुढून काच असलेलं तीन आरजीबी, म्हणजे रंगीत दिव्यांच्या, फॅनवालं कॅबिनेट. १०८०पी (फुल एचडी) वर गेम खेळायचे एवढीच अपेक्षा होती आणि ती पुरेपूर पूर्ण झाली, त्यामुळे गेमिंगचं कौतुक इथेच उरकतो.

प्रोसेसरचं थोडं सांगतो. रायझन ५ ५५०० स्वस्त पडत होता आणि मी जवळजवळ घेतलाच होता, दोन्हीला सहा कोअर बारा थ्रेड, मग जास्त पैसे कशाला. पण ५५०० ला एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी) १६ एमबी आणि ५६०० ला ३२, आणि गेममध्ये ती कॅश चांगलीच कामाला येते. ५६०० ला पीसीआयई ४ (कार्ड आणि बोर्डातला जास्त वेगवान जोड) मिळतो हा मुद्दा माझ्यासाठी निकामीच होता कारण बी४५० बोर्ड ३ च्या वर जातच नाही. ६६०० कार्ड त्या जोडाच्या सोळापैकी आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं म्हणून लोकांनी घाबरवलं होतं, पण खेळताना मला तरी फरक कळलेला नाही. पैसे वाचवायला आरएक्स ६५०० एक्सटी कार्ड बघत असाल तर मात्र थांबा, त्याला लेन चारच आणि मेमरी पण चारच जीबी, जुन्या बोर्डवर ते कार्ड पार मान टाकतं.

सेकंडहँड कार्डाची धाकधूक सगळ्यात जास्त होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो नाण्याचं ग्राफिक्स कार्डांवर रात्रंदिवस चालणारं मायनिंग बंद पडल्यावर वापरलेली कार्डं ढिगाने बाजारात आली, त्यामुळे जो तो म्हणायचा की घेऊ नकोस, पिळून काढलेलं निघेल. मी विकणाऱ्यासमोर बसून अर्धा तास टेस्ट लावली, फॅन बोटाने फिरवून बघितले, स्क्रूवरचा स्टिकर फाटलेला आहे का ते बघितलं. तो बिचारा शेवटी कंटाळून म्हणाला, "दादा, नाही पटत तर राहू द्या ना." घेतलं. तेरा महिन्यांत त्या कार्डाने एकदाही नखरा केलेला नाही. रोज रात्री झोपताना मला ज्याची काळजी वाटायची ते ठणठणीत, आणि कोरं करकरीत खोक्यातून काढलेलं कॅबिनेट आठव्या महिन्यात आजारी.

एसएमपीएसवरून मित्राशी वाद झाला होता. तो म्हणे ७५० वॉटच घे, पुढे लागेल. अरे पण कार्ड १३२ वॉटचं, प्रोसेसर फार तर ७६ वॉट ओढतो, बाकी सगळं धरून अडीचशेच्या आसपास. ५५० भरपूर झालं. फक्त खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका, बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत किती ॲम्पिअर लिहिलेत ते बघा. काही स्वस्त डब्यांवर नाव ५०० आणि १२ व्होल्टवर जेमतेम ३०० वॉट निघतात. आणि ८० प्लसचा बिल्ला वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, आत माल कसा भरलाय ते नाही.

रॅमबद्दल स्वतःचीच लाज सांगतो. ३२०० वेगाची जोडी मुद्दाम घेतली, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये नीट बसवली आणि पुढचे सहा आठवडे ती २४०० वर पळत होती. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने पळवायची सेटिंग, चालू करायचं असतं हे मला माहीत होतं, मी लोकांना सांगत पण होतो, स्वतःचं केलंच नाही. टास्क मॅनेजर दुसऱ्याच कशासाठी उघडला तेव्हा आकडा दिसला.

आता कॅबिनेट.

घेताना कारण एकच, तीन फॅन फुकट. पुढून जाळीवालं कॅबिनेट त्याच किमतीत होतं पण त्यात फॅन एकच, मग मी हिशोब केला की दोन फॅन वाचले. शिवाय दिवे. पहिले काही महिने खोलीतला लाइट बंद करून बघत बसायचो, खोटं कशाला बोलू.

पहिली शंका उन्हाळ्यात आली. गेम चालू असताना कार्डाचा हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) ९४ डिग्रीपर्यंत जायला लागला. मर्यादा ११० आहे म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग एकदा कागदाची पट्टी कापून पुढच्या काचेच्या बाजूच्या फटीपाशी धरली, दोन फॅन आत हवा ओढतायत म्हटल्यावर पट्टी चिकटायला हवी ना, तर ती नुसती लोंबत होती. काच काढली आणि तीच पट्टी फटकन फॅनला जाऊन बसली. त्याच गेमच्या त्याच भागात अर्ध्या तासाने हॉटस्पॉट ८१. म्हणजे मी दोन फॅन वाचवले आणि त्यांच्या नाकावर काच लावून ठेवली. ड्राफ्टमधले साडेचार तिथेच तीनवर आले.

तरी तीन होते. मग आवाज सुरू झाला.

सकाळी पीसी चालू केला की खर्रर्र. पाच-दहा मिनिटांनी तापला की बंद. टॉवर आडवा केला तर लगेच बंद. स्वस्त फॅनचं स्लीव्ह बेअरिंग (दांडा ज्यात फिरतो ती तेलाची नळी) असंच जातं, आतलं तेल सुकतं आणि दांडा डुगडुगायला लागतो. फॅनच्या मध्यावरचा स्टिकर नखाने उचकटला, खाली रबराचं बूच, ते काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. बारा दिवस शांतता. तेराव्या दिवशी पुन्हा खर्रर्र, आता तापल्यावर पण.

म्हटलं ठीक आहे, फॅनच तो, नवा आणू. आणला, साधा चार पिनचा. आणि मागचं झाकण उघडल्यावर कळलं की या कॅबिनेटच्या फॅनला सहा पिनचं स्वतःचंच कनेक्टर आहे, ते एका हबला (सगळे फॅन जोडायच्या डबीला) जातं आणि हब मोलेक्सवर, म्हणजे थेट एसएमपीएसच्या वायरीवर. बाजारातला साधा फॅन त्यात बसत नाही. मदरबोर्डला त्या फॅनचा पत्ताच नाही. स्पीड बदलायचा तर रिमोट, आणि रिमोट मी कुठे ठेवला ते देवाला माहीत. म्हणजे डेस्कटॉपवर नुसती फाइल उघडलीय, ग्राफिक्स कार्डाचे फॅन पूर्ण थांबलेत, आणि हे तिघे आपले इंद्रधनुष्य पाडत एकाच वेगाने घोंघावतायत. रात्रंदिवस.

दुकानात फोन केला. "साहेब, वॉरंटी एसएमपीएसला असते, कॅबिनेटला काय वॉरंटी?" बिलावर एक वर्ष लिहिलंय म्हटल्यावर म्हणे ती बॉडीची. पत्र्याला एक वर्षात काय होणार होतं, गंज? कंपनीला मेल टाकला. चार दिवसांनी उत्तर, फॅन झिजणारा भाग आहे, तरी तपासून बघू, पण फॅन आणि हब मूळ खोक्यासकट आमच्याकडे पाठवा, कुरियर तुमचं. मूळ खोकं! मी प्रोसेसरचं, बोर्डाचं, रॅमच्या प्लॅस्टिकचं सुद्धा खोकं जपून ठेवलंय, फक्त कॅबिनेटचं मोठं म्हणून रद्दीत दिलं. तीन मेल झाले, तिसऱ्याचं उत्तर अजून यायचंय. दुकानदाराने मधेच सुचवलं की नवीन कॅबिनेट घ्या, याच्यापेक्षा भारी आलंय, चार फॅन आहेत. फोन ठेवला.

मग परवाचा रविवार. हब, तिन्ही फॅन, वायरींचा तो गुंता, सगळं बाहेर. दोन साधे काळे १२० एमएमचे पीडब्ल्यूएम फॅन (ज्यांचा वेग बोर्ड ठरवतो ते) पुढे आणि एक मागे. बोर्डावर सीपीयूचा हेडर (फॅन लावायच्या पिना) सोडला तर फॅनसाठी एकच जागा आहे, त्यावर स्प्लिटर लावला. असा हेडर साधारण एक ॲम्पिअरपर्यंत देतो, माझे तिन्ही फॅन मिळून अर्ध्याच्या खाली आहेत, म्हणून चालतंय. घाईत असाल तर आधी फॅनच्या मध्यावर छापलेला ॲम्पिअरचा आकडा वाचा.

आणि तिथे अजून एक गंमत. माझ्या बायोसमध्ये कॅबिनेटचे फॅन प्रोसेसरच्या तापमानावर चालतात, आणि रायझनचं तापमान ब्राउझर उघडला तरी क्षणभर दहा डिग्री उडी मारतं. त्यामुळे फॅन सारखे घूंऽऽ करून चढायचे आणि उतरायचे, ती खर्रर्र बरी होती असं वाटायला लागलं. फॅन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कॅबिनेटचे फॅन ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाला जोडले, चढायला-उतरायला काही सेकंदांचा उशीर दिला. आता गेम नसताना पीसी चालू आहे की बंद ते पॉवर बटणाचा दिवा बघून कळतं. वर्षभर मला वाटत होतं की पीसी म्हटला की एवढा आवाज असायचाच.

तर रेटिंग. प्रोसेसर, कार्ड, एसएमपीएस पाचपैकी पाच, बोर्डाला चार कारण फॅनला एकच हेडर. कॅबिनेटला एक, तो पण स्क्रू अजून फिरतात म्हणून. परत बिल्ड करायला बसलो तर जाळीवालं आणि एकच फॅनवालं घेईन, दिवे नकोत, काच नको, रिमोट तर अजिबात नको.

कॅबिनेटच्या पुढे सध्या खिडकीच्या जुन्या डासजाळीचा तुकडा चौकोनी कापून डबल टेपने चिकटवलाय, दर पंधरा दिवसांनी धूळ झटकतो. काच कपाटामागे उभी करून ठेवलीय. तिचं काही होणार नाहीये ते मला पण कळतं, पण पैसे दिलेत ना तिचे.