युनिव्हर्सिटीचा लाईफसेव्हिंग क्लब : एक अख्खा सीझन वापरल्यानंतरचा अनुभव

इंग्लंडला मास्टर्सला येणारी मुलं मेसेज करून विचारतात की तिकडे कुठला स्पोर्ट्स क्लब घ्यावा, क्रिकेट की बॅडमिंटन, आणि मी लाईफसेव्हिंग म्हटलं की समोरून रिप्लायच येत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. फ्रेशर्स फेअरला मेंबरशिप घेतली होती, आता उन्हाळा आलाय, थीसिस चालू आहे, म्हणजे पूर्ण सीझन वापरून झालाय. क्लबचं नाव देत नाही, कारण क्लब छोटा आहे, लगेच कोण कोण ते कळेल. मिडलँड्समधली युनिव्हर्सिटी एवढं पुरे.

आधी एक गैरसमज काढून टाका. हा स्विमिंगपूलवर शिट्टी घेऊन उंच खुर्चीत बसायचा क्लब नाही. हा खेळ आहे, रीतसर स्पर्धा असतात, वर्ल्ड चॅम्पियनशिप असते, आणि १९८५ पासून तर वर्ल्ड गेम्समध्येही, म्हणजे ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या खेळांच्या जागतिक स्पर्धेतही आहे. साधारण एक मीटर उंचीची प्लास्टिकची डमी पाण्याने भरून तळाला सोडतात, तुम्ही पोहत जायचं, बुडी मारून ती वर आणायची आणि एका हाताने तिचं तोंड पाण्याबाहेर धरून भिंतीपर्यंत न्यायची. ५० मीटरच्या इव्हेंटमध्ये पहिले २५ मोकळे आणि पुढचे २५ डमीसकट. शिवाय पाण्यात सोडलेल्या जाळ्यांखालून पोहायची २०० मीटर ऑब्स्टॅकल रेस, फिन्स, म्हणजे पायात रबरी पंख घालून डमी ओढायची रेस, आणि लाईन थ्रो, म्हणजे १२ मीटरवर पाण्यात असलेल्या पार्टनरकडे दोरी फेकायची आणि ४५ सेकंदांत त्याला काठाला ओढून आणायचं. ऐकायला सोपं वाटतं. ओली दोरी हातात घ्या एकदा, मग बोलू.

पण ही सगळी साइड डिश आहे. मेंबरशिपचे पैसे वसूल होतात ते सर्कमध्ये, म्हणजे सिम्युलेटेड इमर्जन्सी रिस्पॉन्स कॉम्पिटिशन, खोटा अपघात मांडून त्यातून माणसं वाचवायची स्पर्धा. ही चौघांच्या टीमची इव्हेंट असते. तुम्हाला एका बंद खोलीत बसवून ठेवतात, फोन काढून घेतात, बाहेर काय मांडून ठेवलंय याचा पत्ता नसतो. मग दार उघडतं, शिट्टी वाजते आणि पूलमध्ये सगळा गोंधळ चालू असतो, कोणी हातपाय मारतंय, कोणी हात मोडला म्हणून ओरडतंय, कोणी काठावर उभं राहून माझ्या भावाला आधी काढा म्हणून तुमचाच टी-शर्ट ओढतंय, आणि एक जण कोपऱ्यात तोंड पाण्यात घालून गप्प पडलाय. वेळ दोन मिनिटं. प्रत्येक बुडणाऱ्यामागे एक जज वही घेऊन उभा असतो. ही बुडणारी माणसं म्हणजे यजमान क्लबचेच मेंबर, आणि ते काय अ‍ॅक्टिंग करतात बाप रे, खोटं रक्तबिक्त लावून, आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धेत सहज उत्तेजनार्थ काढतील.

इथे फास्ट पोहणाऱ्याचा काही फायदा नाही हे पहिल्याच स्पर्धेत दिसलं. आमच्या एका टीममधला मुलगा शाळेपासून कॉम्पिटिटिव्ह स्विमर, शिट्टी वाजताच सूर मारून जो सगळ्यात जास्त ओरडत होता त्याच्याकडे गेला. आणि आमची कॅप्टन, केमिस्ट्रीची थर्ड इयरची मुलगी, पोहण्यात अगदीच बेताची, ती तिच्या टीमबरोबर आली तेव्हा आधी दोन-तीन सेकंद नुसती उभी राहिली. मग दोघांना आवाज देऊन काठाकडे यायला लावलं, एकाला दोरी टाकली, टीममधल्या एकाला फोनकडे पिटाळलं आणि पोहायला पाठवलं फक्त एकालाच, त्या गप्प पडलेल्याकडे. मार्क कोणाला जास्त मिळाले ते सांगायला नको. हिशोब साधा आहे, जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. खरंखुरं बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडतच नाही, तोंड पाण्याच्या वरखाली होत असतं, जेमतेम श्वास घेतोय तर हाक कुठून मारणार, आणि हे सगळं अर्ध्या-एक मिनिटात संपतं. सिनेमात दिसतं तसं हात हलवून बचाव बचाव नसतं ते.

माझं पोहणं सांगलीकडचं, आजोबांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललेलं, पुढे कृष्णेत. त्यामुळे पाण्याची भीती नाही असा एक माज होता. तो इथे उतरला नाही पण त्याचा उपयोग नसतो हे कळलं. इथे क्रम ठरलेला आहे आणि तो पाठ करून घेतात, आधी आवाज द्या, मग काठी-बांबू काहीतरी पुढे करा, मग दोरी किंवा तरंगणारी वस्तू फेका, मग उथळ असेल तर चालत जा, मग बोट, आणि पोहत जाऊन माणसाला हात लावणं सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बरोबर उलटं, कोणी बुडताना दिसलं की पहिली उडी, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात वाचवायला गेलेलाही बुडाला. घाबरलेला माणूस मिठी मारतो आणि दोघं खाली जातात. २०१९ च्या महापुरात आमच्याकडे ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा मी सांगलीतच होते, त्यावर इथे क्लबमध्ये बोलले तर सगळ्यांचा पहिला प्रश्न, लाईफ जॅकेटं किती होती आणि बोटीत माणसं किती. दु:ख व्यक्त करायच्या आधी हा प्रश्न. तेव्हा राग आला होता. आता मीही तोच आधी विचारते.

हे सगळं आलं कुठून, तर त्याची गोष्ट भारी आहे. विल्यम हेन्री नावाचा माणूस, खरं नाव जोसेफ नवरोकी, जन्म १८५९, लंडनचा. पट्टीचा पोहणारा, १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही पोहला, तेही चाळिशीत. त्या काळात इंग्लंडमध्ये वर्षाला दोन हजारांच्या वर लोक बुडून मरायचे, नद्या, कॅनॉल, गोद्या, आणि पोहता येणारी माणसं कमी. याने आणि आर्चिबाल्ड सिंक्लेअरने १८९१ मध्ये स्विमर्स लाईफ सेव्हिंग सोसायटी काढली, १९०४ मध्ये सातव्या एडवर्डने त्याला रॉयल जोडायची परवानगी दिली आणि ती झाली रॉयल लाईफ सेव्हिंग सोसायटी, म्हणजे आरएलएसएस. सुरुवातीला पाण्यात उतरायच्या आधी जमिनीवर ओळीत उभं करून कवायत करून घ्यायचे, हात असा, पकड अशी. स्पर्धा त्यातूनच आल्या, म्हणजे नुसतं शिका म्हटलं तर कोण येतंय, पण कप ठेवला की लोक येतात. हे हेन्रीला बरोबर कळलं होतं, आणि आमच्या क्लबमधली अर्धी पोरं आजही कपासाठीच येतात, त्यात वाईट काही नाही.

एक आपल्या संबंधातली गोष्ट. आरएलएसएसचा माउंटबॅटन मेडल म्हणून सन्मान आहे, कॉमनवेल्थमधल्या वर्षातल्या सगळ्यात शूर बचावासाठी. हे आपले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटनच, ते पुढे बरीच वर्षं संस्थेचे ग्रँड प्रेसिडेंट होते. शाळेत फाळणीच्या धड्यात भेटलेला माणूस इथे ट्रेनिंगच्या मॅन्युअलमध्ये भेटला.

सीपीआरचा इतिहास मला आमच्या ट्रेनरमुळे कळला. ते रिटायर्ड गृहस्थ आहेत, कित्येक वर्षं फुकट शिकवतायत, सगळी पोरं त्यांना नावाने हाक मारतात आणि माझी जीभ काही वळत नव्हती, शेवटी मी हाकच मारायची बंद केली, समोर जाऊन उभी राहते. तर ते सांगतात की शंभर वर्षांपूर्वी बुडालेल्याला पालथं झोपवून कमरेच्या वर दाबायचे, ती शेफरची पद्धत, त्याच्या आधी उताणं झोपवून हात डोक्याकडे ओढायचे, ती सिल्व्हेस्टरची. तोंडाने श्वास द्यायची आजची पद्धत रूढ झाली १९५० च्या दशकाच्या शेवटी आणि १९६० मध्ये ते शिकण्यासाठी नॉर्वेच्या लेर्डाल कंपनीची ती प्रसिद्ध अ‍ॅन डमी आली. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे गावात अजूनही पोट दाबून पाणी काढतात, कधी उलटं धरून गरगर फिरवतात. ते हसले नाहीत, म्हणाले इथेही माझ्या लहानपणी म्हातारी माणसं असंच करायची. पाणी काढण्यात वेळ घालवू नका, श्वास द्या. इथे बुडालेल्यासाठी आधी पाच श्वास, मग तीस वेळा छाती दाबणं आणि दोन श्वास, असं चालू ठेवायचं, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, पाच-सहा सेंटिमीटर खोल. हार्ट अटॅकच्या क्लिपमध्ये श्वास न देता नुसतं दाबतात ना, ते बुडालेल्यासाठी पुरत नाही, कारण इथे मुळात ऑक्सिजनच संपलेला असतो. हा एक मुद्दा घरच्या सगळ्या ग्रुपवर टाकलाय मी, काकांनी त्यावर गुड मॉर्निंगचा फोटो टाकला.

आता युनिव्हर्सिटीवाल्या सर्किटबद्दल. देशातल्या युनिव्हर्सिटी क्लबांची मिळून बुल्स्का म्हणून असोसिएशन आहे, विद्यार्थीच चालवतात. बर्मिंगहॅम, वॉरिक, ब्रिस्टल, साउथहॅम्प्टन, नॉटिंगहॅम, लफबरो असे क्लब, आळीपाळीने एकेकाने स्पर्धा भरवायची. दिवसभरात एक सर्क पाण्यातला, एक जमिनीवरचा, मग रोप थ्रो, म्हणजे दोरी फेकणं, आणि स्विम अँड टो, म्हणजे पोहत जाऊन माणसाला ओढत आणणं. आदल्या रात्री यजमानांच्या घरी हॉलमध्ये स्लीपिंग बॅग टाकून झोपायचं. संध्याकाळी बक्षिसं आणि मग सोशल, म्हणजे वेश बदलून पबमध्ये. मी दारू पीत नाही, कोणी आग्रह केला नाही, पण मैत्री तिथेच होते हे खरं आहे आणि ज्याला ते वातावरण नको वाटतं तो थोडा बाहेर राहतो. शाकाहारी असाल तर टेस्को सुपरमार्केट झिंदाबाद.

मेंबर कोण असतात, तर पोहणाऱ्यांपेक्षा इतरच जास्त. व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टरकी शिकणारे, नर्सिंगवाले, एक फिलॉसॉफीचा मुलगा ज्याला पाण्यात उतरायला आवडत नाही आणि जो फक्त सर्क लिहितो, म्हणजे कुठे कोण बुडणार, कोणाला फिट येणार, आणि हे तो इतक्या आवडीने करतो की काळजी वाटावी. शिवाय पास आउट झालेले जुने लोक, ते दुसऱ्या गावात नोकरी करतात आणि वीकेंडला स्पर्धांना जज म्हणून येतात. खरा क्लब यांच्यावरच टिकलाय, कमिटी दर वर्षी बदलते, डमीचं बूच कुठल्या दुकानात मिळतं हे फक्त यांना माहीत असतं.

आता तक्रारी. पूलची वेळ. मोठ्या स्विमिंग आणि वॉटर पोलो क्लबांना चांगले स्लॉट मिळतात आणि आपल्याला रात्री साडेनऊ. जानेवारीत ओले केस घेऊन बाहेर पडलात की कळतं. दुसरं, सामान जुनं, फिन्स एकमेकांच्या घालायच्या, माझ्या मापाची जोडी एकच होती. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक वर्षाच्या कोर्सवाल्यांना हा क्लब अर्धाच मिळतो, कारण अंडरग्रॅज्युएट पोरं पहिलं वर्ष नुसतं पाहतात, दुसऱ्या वर्षी टीममध्ये येतात आणि तिसऱ्या वर्षी कॅप्टन होतात, आणि आपण डिझर्टेशनच्या टेन्शनमध्ये स्पर्धा हुकवतो. आणि सर्कमध्ये इंग्लिशमध्ये ओरडावं लागतं, जे वर्गात बोलण्यापेक्षा फार वेगळं आहे. मी सुरुवातीला मराठीत ओरडले होते, "ए, इकडे बघ!" आणि गंमत म्हणजे त्याने बघितलं.

पैशांचं म्हणाल तर क्लबची फी जास्त नाही, युनिव्हर्सिटीची स्पोर्ट्स मेंबरशिप वेगळी घ्यावी लागते ती टोचते. एनपीएलक्यू म्हणजे पूल लाईफगार्डचं सर्टिफिकेट क्लबमार्फत केलं तर स्वस्तात पडतं, दोन वर्षं चालतं आणि त्यावर पार्ट टाइम काम मिळतं, व्हिसाच्या टर्ममधल्या आठवड्याला २० तासांच्या मर्यादेत. कोर्स किमान ३६ तासांचा, आत शिरायलाच ५० मीटर एका मिनिटाच्या आत पोहावं लागतं, १०० मीटर न थांबता पोटावर आणि पाठीवर, तळाची वस्तू काढणं, तीस सेकंद उभ्याने तरंगणं, आणि शिडीशिवाय बाहेर येणं. हे शेवटचं सगळ्यांना वाटतं त्यापेक्षा अवघड आहे.

अजून एक जे मला विहिरीने शिकवलं नव्हतं, थंड पाणी. इथल्या तळ्यात-नदीत उन्हाळ्यातही पाणी इतकं गार असतं की उडी मारली की आपोआप धाप लागते, पहिलं एक-दीड मिनिट हातपाय मारायचेच नाहीत, पाठीवर पडून तरंगायचं. २०२४ मध्ये स्कॉटलंडला लिन ऑफ टमल धबधब्याजवळ दोन भारतीय विद्यार्थी बुडून गेले. सहलीला निघालेली आपली पोरं भुशी डॅमच्या मूडमध्ये असतात, मी बघितलंय.

कोणी घेऊ नये? ज्यांना फक्त फिटनेस हवाय त्यांनी जिम घ्या. ज्यांना अजिबात पोहता येत नाही त्यांनी आधी युनिव्हर्सिटीचे बिगिनर क्लास करा, क्लब पोहणं शिकवत नाही, आणि तेवढा वेळही नसतो त्यांच्याकडे. बाकी सगळ्यांनी पहिली दोन-तीन सेशन ट्रायलची असतात ती तरी करून बघा, पैसे लागत नाहीत.

येताना बॅगेत चांगला गॉगल टाका, इथे महाग पडतो. आणि एक जुना कुर्ता-पायजमा आणा, कारण कपड्यांसकट पोहायची टेस्ट असते आणि त्यात जीन्स घालून उतरणारी मुलं अर्ध्यात काठ धरतात. सुती पायजमा हलका असतो, फक्त नाडीची गाठ पक्की बांधा.